दुसऱ्याचं सामान

बेल वाजली की ताई "आले हो, आले" म्हणत उठायच्या. म्हणजे तोंड आधी उठायचं, बाकीच्या ताई मागाहून. काठी शोधायची, पलंगाची कड धरून गुडघा सरळ करायचा, त्याची कुरकुर ऐकून घ्यायची आणि मग खोक्यांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेने अंग चोरत दारापर्यंत जायचं. दारात पार्सलवाला. त्याच्या हातात आणखी एक खोकं. खोक्यावर नाव ताईंचं, पत्ताही ताईंचाच. आतली वस्तू मात्र वरच्या मजल्यावरच्या बाईची, आणि हे त्या दोघींखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं.

"ताई, आज मोठं आहे हं," पार्सलवाला म्हणायचा. रोज येऊन येऊन तो घरातलाच झाला होता. "लेकीसाठी घेतलंत?"

"हो हो," ताई म्हणायच्या. साठी उलटलेल्या बाईने रोज दारात उभं राहून खोटं बोलायचं, तेही दुसऱ्यासाठी, याची त्यांना मनापासून लाज वाटायची. पण भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही उगाच नाही.

ही भीड कुठून आली ते सांगायला हवं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ताईंची लेक आली, रजा होती तोवर राहिली, आणि मग आपल्या गावी परत जाऊन फोनवरून आईला चालवू लागली. उंटावरून शेळ्या हाकण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. "आई, व्यायाम केलास का? आई, पाय उंच ठेवलास का?" फोनवरून पाय उंच होत नाही. तो उंच केला वरचीने. ताई तिला मनातल्या मनात वरचीच म्हणत. ती एका दातांच्या दवाखान्यात समोरच्या टेबलाशी बसून लोकांना वेळा द्यायची. सकाळी कामावर जायच्या आधी खाली यायची, ताईंची टाच आपल्या तळहातावर घ्यायची आणि म्हणायची, "ओरडा ताई, खुशाल ओरडा. आमच्याकडे तर लोक खुर्चीत बसायच्या आधीच ओरडतात." ताई ओरडायच्या, मग हसायच्या, मग पुन्हा ओरडायच्या. संध्याकाळी घरी परतताना ती पुन्हा डोकवायची, चहा टाकायची, कोणाची दाढ कशी निघाली ते रंगवून सांगायची. पोटच्या पोरीने केलं नाही ते हिने केलं, असं ताई कोणाला बोलून दाखवत नसत, पण मनात ते पक्कं बसलं होतं.

तर अशा बाईने एक दिवस चहाचा कप पुढे करता करता विचारलं, "ताई, माझं एक पार्सल तुमच्याकडे ठेवाल? घरी सर असतात हो."

सर म्हणजे तिचा नवरा. शाळेत मुलांना खेळ शिकवायचे. सगळे त्यांना सर म्हणायचे, त्यात बायकोही आली. ते शिट्टी गळ्यात घालूनच जन्माला आले असावेत अशी ताईंना दाट शंका होती. माणूस वाईट नव्हता, फक्त सगळं जग रांगेत उभं राहिलं की सुखी होईल असं त्यांना वाटायचं. मागे एकदा त्यांनी घरातलं कपाट उघडलं आणि न फोडलेली खोकी धडाधड अंगावर आली. त्या दिवशी वर जे काही झालं ते तळमजल्यापर्यंत ऐकू आलं. सरांनी बायकोचं बँकेचं कार्ड आपल्या खिशात घातलं, बायकोने रडून कानाला खडा लावला, आणि सगळं शांत झालं. शांत झालं ते असं, की पार्सलं एक मजला खाली यायला लागली. कार्ड नसलं म्हणून काय झालं, दारात रोख पैसे देता येतात, आणि ते ती सकाळीच ताईंच्या हातात ठेवून जायची.

"तुमचंच नाव टाकते," वरची म्हणाली होती. "माझं नाव दिसलं की पार्सलवाला थेट वर जातो."

"टाक की. नावाला काय भाडं पडतं?" ताई म्हणाल्या होत्या. चूक झाली ती इथेच.

आणि ही चूक ताईंच्याच हातून व्हायची होती, कारण त्यांची सबंध नोकरी बस आगारातल्या हरवलेल्या सामानाच्या खोलीत गेली होती. गाडीत विसरलेली वस्तू त्यांच्याकडे यायची: छत्र्या, डबे, एकाच पायाचा बूट, एकदा तर कोणाची तरी कवळी. दुसऱ्याचं सामान सांभाळायचं, उघडून बघायचं नाही, ओल लागू द्यायची नाही आणि धनी आला की निमूट हवाली करायचं, हे त्यांच्या हाडीमासी खिळलं होतं. वरचीचं पहिलं खोकं त्यांनी त्याच इमानाने पलंगाखाली सरकवलं. पुढचं कपाटावर ठेवलं. मग कपाट भरलं, पलंगाखालची जागा भरली, आणि आतल्या खोलीची भिंत दिसेनाशी झाली.

एक गोष्ट मात्र त्यांना काही केल्या उमगत नव्हती. आगारात मोडक्या दांड्याच्या छत्रीसाठी माणसं धापा टाकत यायची, खिडकीवर हात आपटायची, छत्री मिळाली की पोटाशी धरायची. आणि इथे हे कोरं करकरीत, मोजून विकत घेतलेलं सामान, पण न्यायला कोणी येत नव्हतं. वरची संध्याकाळी यायची, नव्या खोक्यावरून एकदा हात फिरवायची, "आलं का" म्हणायची आणि चहा टाकायला निघून जायची.

"अगं, उघडून तरी बघ," ताई म्हणायच्या.

"बघीन हो. रविवारी सगळं नेते."

रविवार यायचे आणि जायचे. रविवारी सर घरी असत.

ताई थकल्या होत्या. दिवसभर बेलकडे कान लावून थकल्या होत्या, खोटं बोलून थकल्या होत्या, आपल्याच घरात अंग चोरून चालण्याने थकल्या होत्या. डॉक्टरांनी घरातल्या घरात फेऱ्या मारायला सांगितल्या होत्या आणि फेरी मारायला जागा नव्हती. कितीतरी वेळा त्यांनी मनाशी ठरवलं, आज सांगायचं, बास झालं गं बाई. पण संध्याकाळी ती दारात चपला काढता काढताच "ताई, आज काय झालं माहितीये" म्हणून सुरू व्हायची आणि ताईंचं सांगणं घशातच राहायचं. हा चहा आणि या गप्पा गेल्या तर उरलेल्या दिवसाचं काय करायचं? ताईंनी स्वतःला हे एकदा विचारलं होतं. उत्तर आवडलं नाही, म्हणून पुन्हा विचारलं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणावा, तर तोंड त्यांनी आपल्याच हाताने दाबलेलं.

मग एका दुपारी बाथरूममधून परत येताना त्यांची काठी एका लांबोळक्या खोक्याला अडकली. त्यात कपड्यांना इस्त्री करायचं टेबल होतं, हे पुढे कळलं. ताई हातावर पडल्या. गुडघा वाचला, मनगट गेलं.

वरची दवाखान्यातलं काम टाकून धावत आली, गाडी केली, प्लास्टर घालून होईपर्यंत ताईंचा दुसरा हात धरून बसली आणि चारचौघांत रडली. "माझ्यामुळे झालं, ताई. या रविवारी एकूण एक खोकं नेते. नाही नेलं तर नावाची नाही." तो रविवार आला, सर घरीच होते, आणि सोमवारी सकाळी ताईंची लेक न कळवता दारात येऊन उभी राहिली.

लेक एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होती. अपघात झाला की तिथे जायचं, तो का झाला ते शोधायचं आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं ते ठरवायचं, हाच तिचा धंदा. आईच्या घरात पाऊल टाकल्यावर तिला कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. तिने पलंगाखाली वाकून पाहिलं, कपाटावर पाहिलं, आतल्या खोलीचं दार ढकललं तर ते पुरतं उघडेना. एका खोक्यावरचं नाव वाचलं. दुसऱ्यावरचं वाचलं. मग ती आईच्या शेजारी पलंगावर बसली. तिने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. तिने तो अगदी मऊ केला.

"आई, हे कधीपासून चाललंय?"

हे सगळं आईनेच मागवलंय असं लेक धरून चालली आहे, हे ताईंच्या लक्षात आलं. फाटक्या चादरीच्या उशीच्या खोळी आणि खोळी विटल्या की त्यांची फडकी करणाऱ्या आपण, आणि आपल्यावर उधळपट्टीचा हा आळ! खरं काय ते ओठांपर्यंत आलं होतं. पण ते दुसरीचं गुपित होतं, तेही सांभाळायला दिलेलं. "संध्याकाळपर्यंत थांब," ताई एवढंच म्हणाल्या. "संध्याकाळी कळेल."

लेक आंघोळीला गेल्याबरोबर त्यांनी वरचीला फोन लावला. "हे बघ, लेक आली आहे. तिला वाटतंय हे सगळं मीच मागवलं. मी तुझं नाव घेतलेलं नाही. संध्याकाळी ये आणि तूच सांग."

पलीकडे कोणाच्या तरी दाताला यंत्र लावल्याचा आवाज येत होता. "सांगते, ताई. शप्पथ सांगते."

ताई संध्याकाळची वाट बघू लागल्या, पण लेक वाट बघणाऱ्यांतली नव्हती. दुपारच्या आतच तिने सगळं ठरवून टाकलं. आईने तिच्याकडे राहायला यायचं. हे घर भाड्याने द्यायचं. "तिकडे तुला वेगळी खोली आहे, आई. छान खिडकी आहे. आम्ही दिवसभर बाहेर असतो, पण तुझ्याजवळ बाई ठेवू. फोन मात्र माझ्याकडे राहील." ती हे प्रेमाने सांगत होती, म्हणून ताईंना जास्तच भीती वाटली. ती खोली त्यांनी पाहिली होती. दार लावलं की आतलं बाहेर ऐकू जात नसे. आपल्याला तिथे नेऊन ठेवतील, वेळेवर खायला घालतील, औषधं देतील, आणि दिवसभर आपल्या दाराशी कोणी फिरकणार नाही. या घराची किल्ली आणि आपल्या मनाने उठणं-बसणं एवढंच त्यांच्याजवळ उरलं होतं, आणि आता तेही जायची वेळ आली होती.

"मला नाही यायचं," त्या म्हणाल्या.

"सगळे आधी असंच म्हणतात," लेक म्हणाली. कारखान्यात डोक्यावर टोपी चढवायला सांगतानाही ती हेच म्हणत असावी.

संध्याकाळी वरची आली, आणि तिच्यामागे सर आले. शेजारचं जाणतं माणूस म्हणून लेकीनेच त्यांना बोलावलं होतं. सरांना पाहिल्यावरच ताईंच्या लक्षात आलं की आता अवघड आहे. वरचीने ताईंकडे पाहिलं नाही. पर्स मांडीवर घट्ट धरून ती पलंगाच्या कडेला टेकली.

"वहिनी, तुम्ही तर रोज येता," लेक म्हणाली. "तुमच्या काहीच लक्षात आलं नाही?"

ताईंनी तिला मनातल्या मनात विनवलं. सांग गं बाई, आता सांग.

"आलं होतं," वरची म्हणाली. "पण बोललं तर ताईंना वाईट वाटेल, असं वाटलं मला. एकटं माणूस... होतं असं. तुमच्याकडे राहिल्या तर सावरतील."

चोर सोडून संन्याशाला फाशी, हे ताईंनी लहानपणापासून ऐकलं होतं. चोराने स्वतः दोर आणून द्यावा आणि वर संन्याशाच्या तब्येतीची चौकशी करावी, हे मात्र नवीन होतं. त्यांचं डोकं तापलं. जिच्या तळहातावर आपण टाच ठेवली, ती ही! आता बोलायचंच, म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात सरांनी घसा खाकरला.

"ताई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," सर म्हणाले. शिट्टी आज खिशात होती, दोरी तेवढी बाहेर लोंबत होती. "आमच्याकडेही हेच झालं होतं. सांगतो ना मी, लपवायचं काय त्यात? हिलाही हाच नाद होता. पण हिने मनावर घेतलं आणि सोडून दाखवलं. शाळेत एवढी मुलं बघतो मी, पण अशी जिद्द नाही बघितली. मला अभिमान आहे हिचा."

हे म्हणताना ते बायकोकडे बघत होते, आणि त्यांचे डोळे खरोखरच ओलावले होते. ताईंनी तोंड मिटलं. राग तसाच होता, पण वरचीची जीभ का उचलली नाही ते त्यांना लख्ख दिसलं. नवरा आदळआपट करत असला की त्याला चिडून का होईना खरं सांगता येतं. अभिमानाने बघणाऱ्या माणसाला काय सांगायचं, कपाळ?

सरांना आता सूर सापडला होता. "तीन प्रश्न विचारायचे, ताई. हे घरात आधीच आहे का? ठेवणार कुठे? आणि आजच्याऐवजी पुढच्या आठवड्यात घेतलं तर काय बिघडेल? बास, एवढंच. मी मुलांना सांगतो ना, उडी मारायच्या आधी एक श्वास घ्या."

"आणि श्वास घेऊनही उडी मारावीशी वाटली तर?" ताईंनी विचारलं.

सरांचा हात खिशातल्या शिट्टीकडे गेला. शाळेत हा प्रश्न कोणी विचारत नसावं.

"वस्तू नकोच असते, सर," ताई म्हणाल्या. त्या सरांशी बोलत होत्या, पण बघत होत्या त्या पर्सवरच्या हातांकडे. "मागवली की बरं वाटतं. काहीतरी आपल्याकडे यायला निघालंय असं वाटतं. ते येईपर्यंत दिवस बरे जातात. दारात आलं की संपलं. उघडलं तर कळेल ना, की हे आपल्याला नकोच होतं. म्हणून उघडायचंच नाही. मग त्या खोक्यांकडे बघून लाज वाटते. आणि एवढी लाज वाटल्यावर जिवाला काहीतरी बरं वाटायला नको का? मग पुन्हा मागवायचं."

हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. रोज संध्याकाळी खोक्यावरून फिरणारा तो हात बघून बघून त्यांना ते कळलं होतं.

"आई गं," लेक म्हणाली आणि तिने आईच्या प्लास्टरवर हात ठेवला.  वरचीच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ती ते पुसत नव्हती.

तेवढ्यात बेल वाजली.

सवयीने ताई उठायला गेल्या. "बस तू," म्हणत लेकीने दार उघडलं. काखेत खोकं घेऊन पार्सलवाला उभा होता. घरात एवढी माणसं बघून तो जरा बिचकला. "ताईंचं आहे."

लेकीने वळून आईकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, नुसती हार होती, आणि ताईंना ती सोसवली नाही. "आजसुद्धा, आई? मी घरात असताना?" मग ती त्याच्याकडे वळली. "नको आहे. परत न्या."

"नेतो की. कोड सांगा."

"परत न्यायला कसला कोड?"

"लागतो, मॅडम. नाहीतर ऑफिसात म्हणतात, तू दारापर्यंत गेलाच नाहीस. घ्या किंवा परत करा, फोनवर आलेले चार आकडे सांगावेच लागतात."

लेकीने टेबलावरचा आईचा फोन उचलला. वर-खाली करून बघितला. "कुठला कोड? तुझ्या फोनवर तर आज काहीच आलेलं नाही." तिचं बोट फिरत राहिलं, कपाळाला आठी पडली. "कालचाही नाही. आई, इथे तर एकही कोड नाही."

नव्हताच. नाव ताईंचं टाकलं तरी नंबर वरचीने आपलाच ठेवला होता. पार्सल निघालं की आकडे तिच्या फोनवर यायचे, ती दवाखान्यातून फोन करून ताईंना सांगायची, आणि ताई ते दारात म्हणून दाखवायच्या. आज कळवायला ती दवाखान्यात नव्हती, इथे समोर बसली होती. ताईंना आकडे ठाऊक नव्हते. सगळे ताईंकडे बघत होते आणि ताई वरचीकडे.

"सांगा ना ताई लवकर," पार्सलवाला म्हणाला. "बाहेर गाडी तशीच उभी आहे."

वरचीने पर्स उघडली. फोन काढला. एखाद्याला दात काढायची वेळ सांगावी तशा सपाट आवाजात तिने ते चार आकडे वाचले.

पार्सलवाल्याने ते टिपले, "येतो ताई" म्हणाला आणि खोकं घेऊन गेला. दार लावायचं कोणाला सुचलं नाही.

आता सर ओरडतील, असं ताईंना वाटलं. ते नुसतं म्हणाले, "हे सगळं?"

"हो."

"सगळंच?"

"हो."

सर उठले. पलंगाखालचं एक खोकं ओढून बाहेर काढलं, खांद्यावर घेतलं आणि जिना चढू लागले. परत आले, दुसरं उचललं. बोलता येईना, म्हणून माणूस अंगमेहनतीला लागला होता. वरची उठली आणि एक खोकं घेऊन त्यांच्यामागे गेली.

"तू बोलली का नाहीस?" लेकीने विचारलं. "आई, मी खरंच तुला घेऊन गेले असते. तू गेली असतीस?"

"माझं नव्हतं ते सांगायचं," ताई म्हणाल्या. लेक आधी रडली, मग चिडली, "तुझ्यासारखी तूच" म्हणाली, आणि शेवटी पदरचे दोन शब्द सरांनाही ऐकवून खोकी उचलायला लागली. जायच्या दिवशी तिने किल्ली आईच्या उशाशी ठेवली आणि पुन्हा भाड्याचा विषय काढला नाही.

घर राहिलं. आळही गेला. ताई आता खोलीत सरळ चालू शकत होत्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत, पाहिजे तेवढ्या फेऱ्या. बेल वाजत नव्हती. संध्याकाळी जिन्यावर चपलांचा आवाज यायचा, दारापाशी हळू व्हायचा आणि वर निघून जायचा. वरून भांडण ऐकू येत नव्हतं, हसणंही नाही. फेऱ्या मारता मारता ताई मनातल्या मनात तिला झापायच्या. 'सावरतील' म्हणे! कोण सावरतील गं? रोज नवीन, रोज आधीच्यापेक्षा झणझणीत बोलणं सुचायचं, आणि ऐकायला समोर कोणी नसायचं. रागावून रागावून माणूस थकतं, तशा त्या थकल्या.

एका संध्याकाळी चपला वर गेल्यावर त्यांनी काठी घेतली, किल्ली कमरेला खोवली आणि जिन्याला हात घातला. ऑपरेशननंतर हा जिना त्यांनी चढलेला नव्हता. भांडायला निघाल्यात म्हणावं तर शब्द आठवत नव्हते, समजूत घालायला म्हणावं तर राग गेलेला नव्हता. प्रत्येक पायरीवर थांबून त्या गुडघ्याची माफी मागत होत्या आणि त्याला शिव्याही देत होत्या.

वरचीने दार उघडलं. "अहो ताई! जिना कशाला चढलात?"

"तू उतरेनास म्हणून."

आत भिंतीला लागून फोडलेली खोकी रचली होती. सर रोज शाळेतून आले की एक खोकं उघडायचे, आतलं बघायचे आणि परत पाठवायच्या ढिगात ठेवायचे. बोलायचे नाहीत. गंमत म्हणजे निम्म्या खोक्यांतून डबेच निघाले होते, घरातला पसारा नीट ठेवायचे, झाकणांचे, एकात एक बसणारे. ताईंना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. त्या खुर्चीवर बसल्या.

"माझ्या घरात बसून माझ्या तोंडावर खोटं बोललीस तू."

"हो."

"मला माझ्या घरातून घालवायला निघाली होतीस."

"हो, ताई." ती मान वर करत नव्हती. "कोड मागितला तेव्हासुद्धा मी आधी बघत होते, तुम्ही काहीतरी बोलून निभावून न्याल का ते."

हे ताईंना माहीत नव्हतं. ते ऐकून त्यांना वाईट वाटलं, आणि तरीही तिने ते सांगितलं म्हणून बरंही वाटलं. दोन्ही एकदमच.

"मला वाटलं, एवढी शोभा झाली, आता तरी सुटेल," वरची म्हणाली. "चारचौघांत इज्जत गेली की सुटतं ना माणसाचं? नाही सुटत हो." तिने हातातला फोन उलटा करून दाखवला. पडद्यावर एक दिवा होता, काचेच्या निळ्या टोपीचा. "घेणार नाहीये. नुसतं बघतेय." तिचा अंगठा खाली बटणाशेजारी टेकलेला होता.

ताईंनी फोन हिसकावला नाही. उपदेश तर सरांनी करून झाला होता. त्यांनी चष्मा लावला. "दाखव."

"छान आहे ना?"

"छान आहे. ठेवशील कुठे?"

वरचीने खोलीभर नजर फिरवली. "कुठेच नाही," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा झाला की हसतेय का रडतेय ते तिचं तिलाही कळलं नसेल. अंगठा जागचा हलला नाही. ताई बसून राहिल्या. यावर औषध काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. गुडघा ठणकत होता, चहाची तलफ आली होती, आणि ही पोर आज थांबली तरी उद्या थांबेल याची काही खात्री नव्हती. बऱ्याच वेळाने पडदा आपोआप काळा झाला.

"चल, मला खाली सोड," ताई म्हणाल्या. "चहा टाक. आणि उद्यापासून तू खाली यायचं. मला हा जिना रोज जमायचा नाही."

"आणि मी नाही आले तर?"

"तर चढीन. काय करणार?"

वरचीने फोन खुर्चीवर ठेवला आणि ताईंचं कोपर धरलं. दोघी जिना उतरू लागल्या. निम्म्या जिन्यात असताना वरून फोन वाजला, खरेदीची आठवण करून देणारी ती छोटीशी टिंग. दोघींनीही ती ऐकली. कोपरावरची पकड एकदम घट्ट झाली, ताईंना दुखलं, पण त्यांनी पुढच्या पायरीवर पाय ठेवला.